श्रीलंकेला मदत पाठवायची आहे, पण नाशिकहून नेमकं काय आणि कसं पाठवावं?

गोदेची_लेक | ६ डिसेंबर २०२५, रात्री ९:१४

नमस्कार मंडळी. मी गंगापूर रोडला राहते. दितवाह चक्रीवादळ २८ नोव्हेंबरला श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर धडकलं, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. बळींचा आकडा सहाशेच्या वर गेलाय आणि बेपत्ता माणसं अजून सापडताहेत. दोन वर्षांपूर्वी आम्ही तिकडे आठ दिवस फिरलो होतो. जो ड्रायव्हरदादा आम्हाला सांभाळून फिरवत होता, त्याचं घर कँडीच्या वरच्या अंगाला आहे. त्याने फोटो पाठवलाय. मागची दरड स्वयंपाकघरात आली आहे. माणसं सुखरूप आहेत, तेवढंच बरं.

तर झालं असं, की गेल्या रविवारी आमच्या सोसायटीतल्या मुलांनी स्वतःहून हाक दिली आणि क्लब हाउसमध्ये बघता बघता ३७ खोकी जमली. बहुतेक कपडे आहेत, स्वेटर आणि चादरी धरून. बिस्किटं, नूडल्स, पाण्याच्या बाटल्यांची आठ खोकी, दोन खोकी खेळणी. आता हे न्यायचं कुठे? दोन ठिकाणी फोन केले, दोन्हीकडे "आम्ही सामान घेत नाही" असं उत्तर. माझा नववीतला मुलगा रोज विचारतो, "आई, पोचेल ना गं?" त्याला काय सांगू?

कुणाला अनुभव असेल तर सांगा. सामान पाठवावं का? कुणामार्फत? की दुसरं काही करावं?

तिसरी_घंटा | ६ डिसेंबर, रात्री ९:३१

मुलांचं कौतुक. वाचत राहते.

बिल_ऑफ_लेडिंग | ६ डिसेंबर, रात्री १०:०५

ताई, मी अंबडला राहतो आणि बावीस वर्षं निर्यातीची कागदपत्रं करतो. तुमच्या मुलांचं मन मोडायचं नाही, पण खरं सांगायला हवं. ही खोकी पाठवू नका.

समुद्रमार्गे माल जायचा तर पहिला प्रश्न असतो, कन्साइनी कोण? म्हणजे तिथे बंदरात माल कुणाच्या नावाने उतरणार, कस्टममधून कोण सोडवणार, भाडं कोण भरणार. "पूरग्रस्त" हे कुणाचं नाव नाही. प्रत्येक खोक्याची पॅकिंग लिस्ट लागते. फुकट द्यायचा माल असला तरी किंमत लिहावी लागते. वापरलेल्या कपड्यांना बहुतेक देशांत वेगळे नियम असतात, धुरीचं प्रमाणपत्र मागतात. खाण्याच्या वस्तूंवर मुदतीची तारीख बघतात. हे सगळं जमवेपर्यंत जानेवारी उजाडतो. तिकडे कंटेनर वेळेत सोडवला नाही की दिवसागणिक भाडं चढतं.

वानुआतूचं उदाहरण आमच्या धंद्यात नेहमी दिलं जातं. पॅसिफिकमधला ऐंशीएक बेटांचा देश. १३ मार्च २०१५ला तिथे पाम नावाचं पाचव्या श्रेणीचं वादळ आलं. राष्ट्राध्यक्ष त्या वेळी जपानमध्ये सेंडाईला होते, तेही आपत्ती-धोका कमी करण्याच्या जागतिक परिषदेला. तिथूनच त्यांनी जगाकडे मदत मागितली. वादळ एवढं भयंकर असून मृतांचा अधिकृत आकडा ११वर थांबला, कारण लोकांना आधी कळवलं होतं आणि ते वेळेत आसऱ्याला गेले होते. पण शेतं पार झोपली, घरं गेली. मग जगभरातून न मागितलेल्या वस्तूंचे कंटेनर पोर्ट विला बंदरात येऊन पडले. दहा महिन्यांनंतरही त्यातले काही न उघडता तिथेच होते, आतल्या अन्नाची मुदत संपलेली आणि भाडं चढत चाललेलं. ज्या देशाचं बंदर एवढंसं, तिथे ती जागा तंबू आणि बियाण्याला हवी होती.

बेटाचं दुखणं हेच. किल्लारीला भूकंप झाला तेव्हा चारी बाजूंनी रस्त्याने ट्रक जाऊ शकले. बेटावर दोन-तीनच दारं असतात, एक धक्का, एक धावपट्टी. दारात तुम्ही काय ठेवता त्यावर मागचं अडतं.

कृष्णाकाठ | ६ डिसेंबर, रात्री १०:४०

वरच्या प्रतिसादाशी शंभर टक्के सहमत. मी सांगलीची, लग्न होऊन नाशिकला आले. ऑगस्ट २०१९च्या पुरात माहेरी होते, म्हणून लिहिते.

पाणी ओसरलं आणि मदतीचे टेम्पो सुरू झाले. सगळे हायवेला लागून असलेल्या पहिल्या गावात थांबायचे. त्या गावाला सहा वेळा बिस्किटं मिळाली, आत चार किलोमीटरवर नदीकाठच्या वाडीला एकदाही नाही. शाळेच्या मैदानात जुन्या कपड्यांचा ढीग माझ्या डोक्याएवढा झाला. पावसात भिजला, कुजला. शेवटी ग्रामपंचायतीने जेसीबी लावून तो उचलला. ज्या जेसीबीने गाळ काढायचा, तो कपडे उचलत होता. माझ्या आईने त्या ढिगातून एकही वस्तू घेतली नाही. ती म्हणाली, "पुरात घर गेलंय बाळ, लाज नाही गेली." ते वाक्य ऐकून मी जे रडले ते अजून आठवतं.

आम्हाला काय लागलं सांगू? खराटे. फावडी, घमेली. फिनेल. गमबूट. जनावरांना वैरण. आणि एक मुलगा लॅपटॉप घेऊन बसला होता, तो रेशनकार्ड आणि सातबाऱ्याच्या नकला काढून देत होता. सगळ्यात मोठी रांग त्याच्यासमोर.

तिसरी_घंटा | ६ डिसेंबर, रात्री १०:४७

लाजेचं वाक्य वाचून गप्प झाले.

स्पष्टवक्ता_सिडको | ७ डिसेंबर, सकाळी ७:५०

मला वेगळं बोलायचंय. सप्टेंबरमध्ये आपल्या मराठवाड्यात आणि सोलापुरात काय झालं? धाराशिव, बीड, सोलापूरच्या शेतातली माती वाहून गेली. माझे मामा परंड्याकडचे. विहीर गाळाने भरलेली आहे, गोठ्यातली चार जनावरं गेली. तीन महिने होत आले आणि शेत अजून तसंच. तेव्हा किती सोसायट्यांनी खोकी भरली? श्रीलंकेबद्दल आकस नाही, पण आधी घरचं बघू. राग आला तर येऊ दे.

गोदेची_लेक | ७ डिसेंबर, सकाळी ८:२०

दादा, राग नाही आला. खरंच, सप्टेंबरमध्ये आम्ही सोसायटी म्हणून काही केलं नाही. मी वैयक्तिक पैसे दिले होते, पण मुलांना त्यात घेतलं नाही, ही माझी चूक. तुमच्या मामांचा पत्ता मला वैयक्तिक निरोपाने कळवाल का? त्यांना विचारते की विहिरीचं काय करायचं.

पंचवटीकर_आजोबा | ७ डिसेंबर, सकाळी ९:०२

गोदावरीला १९६९चा पूर आला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. आमचं बिऱ्हाड रामकुंडाच्या अंगाला. नाशिककरांना सांगायला नको, पूर किती हे आपण नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतो. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला आलं. मारुती बुडाला की सराफबाजार आणि भांडीबाजारातली माणसं दुकानं उचलायला लागतात. त्या वर्षी मोजायला मारुती दिसतच नव्हता, माणसं नारोशंकराच्या देवळाच्या घंटेकडे बघत होती. २००८ पाहिला, २०१६ आणि २०१९ही पाहिले, पण लहानपणी पाहिलेला पूर वेगळाच मोठा असतो.

सांगायचं होतं ते आईचं. आम्ही एका वाड्याच्या माडीवर चाळीस माणसं. खालून कुणी भाकरी-पिठलं पाठवत होतं, त्यांचे उपकार फार. तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ जिना चढून वर आले आणि त्यांनी आईला विचारलं, "वहिनी, तुम्हाला काय हवंय?" तोवर कुणी विचारलंच नव्हतं. आई म्हणाली, "कोरडी लाकडं आणि शेरभर घासलेट द्या. मुलांना माझ्या हातचं घालते." त्यांनी दुपारपर्यंत दोन्ही आणून दिलं. आईने त्या दिवशी नुसता भात केला, पण तिच्या चेहऱ्यावर तीन दिवसांनी रंग आला.

सिडकोच्या भाऊंना एवढंच, की ते गृहस्थ आमच्या गल्लीतले नव्हते, जातीतले नव्हते, नाशिकचेही नव्हते. कामानिमित्त गावात अडकले होते.

सॅपर_निवृत्त | ७ डिसेंबर, दुपारी १२:३५

जय हिंद. देवळाली कॅम्पला स्थायिक आहे, नोकरी लष्कराच्या इंजिनिअर दलात, बॉम्बे सॅपर्समध्ये झाली. सरकारी मदत कशी गेली ते समजलं तर आपण काय करायचं हेही समजेल, म्हणून लिहितो.

या वेळी एक योग असा आला की श्रीलंकेच्या नौदलाच्या पंचाहत्तरीनिमित्त आयएनएस विक्रांत आणि आयएनएस उदयगिरी कोलंबो बंदरातच होत्या. वादळ आलं आणि त्याच दिवशी जहाजांवरचा शिधा उतरवून दिला गेला. विक्रांतवरची हेलिकॉप्टरं गच्चीवर अडकलेल्या माणसांना उचलायला गेली. आपण त्याला ऑपरेशन सागरबंधू नाव दिलं. पाठोपाठ हवाई दलाच्या विमानांतून एनडीआरएफचे ८० जण त्यांच्या बोटी आणि श्वानपथकासह पोहोचले. महियंगनयाला लष्कराचं फिल्ड हॉस्पिटल उभं राहिलं. २००४च्या त्सुनामीत आपल्या नौदलाने श्रीलंकेत ऑपरेशन रेनबो केलं होतं, तेव्हापासून ही वाट मळलेली आहे.

आता पूल. तिथे डोंगरातले रस्ते आणि पूल मोठ्या संख्येने गेलेत. पूल नसेल तर तुमचं बिस्किट कँडीच्या खालीच राहणार. म्हणून सी-१७ विमानातून बेली ब्रिजचं सामान गेलं आणि ते जोडायला इंजिनिअर जवान गेले. एक पॅनल दहा फूट लांब, वजन साधारण २६० किलो. सहा जवान ते खांद्याला खांदा लावून उचलतात, क्रेन लागत नाही. पॅनलला पॅनल जोडायचं, पिना ठोकायच्या आणि सगळा सांगाडा रोलरवरून पलीकडच्या काठाकडे ढकलत न्यायचा. पुढच्या टोकाला हलकं नाक लावतात, म्हणजे अर्ध्यात तोल जाऊन तो नदीत झुकत नाही. दुसऱ्या महायुद्धात डोनाल्ड बेली या इंग्रज इंजिनिअरने काढलेली रचना आहे आणि तिला अजून तोड नाही. मी स्वतः ईशान्येत पावसात असे पूल जोडलेत. पहिली गाडी पलीकडे गेली की काठावरच्या बायका हात जोडतात, तेव्हा घसा दाटतो.

सांगायचा मुद्दा, पहिल्या आठवड्याचं काम सैन्याचं आणि त्या देशाच्या लोकांचं. आपण नागरिकांनी त्या आठवड्यात घाई करायची नसते. आपली गरज नंतर लागते, जेव्हा टीव्हीवरून बातमी गेलेली असते.

चहाबाज | ७ डिसेंबर, दुपारी १:१०

सॅपरकाका, सलाम. शाळेतल्या मुलांना येऊन सांगाल का हे?

सॅपर_निवृत्त | ७ डिसेंबर, दुपारी १:४२

कधीही बोलवा. आइस्क्रीमच्या काड्यांचा बेली ब्रिज करून आणतो.

पाड्यावरची_ताई | ७ डिसेंबर, रात्री ८:५५

मी सुरगाणा तालुक्यात आरोग्यसेविका आहे. नेट आत्ता मिळालं. माझ्या कामातलं सांगते.

पहिलं पाण्याचं. आपत्तीत माणशी दिवसाला १५ लिटर पाणी धरतात, पिणं, रांधणं आणि धुणं मिळून. ताईंकडे बाटल्यांची आठ खोकी आहेत. एका खोक्यात १२ लिटर धरले तर झाले ९६ लिटर. म्हणजे सहा माणसांचा एक दिवस. तेवढ्यासाठी ते पाणी समुद्रापार न्यायचं आणि रिकाम्या बाटल्या तिकडे टाकून यायच्या. त्यापेक्षा तिथल्या विहिरी नीट केल्या तर गाव पाणी पितं.

श्रीलंकेत खेड्यापाड्यांत घरोघरी उथळ विहिरी आहेत. पुराचं पाणी आत गेलं की संडासाचं, जनावरांचं सगळं त्यात जातं. मग विहीर उपसायची, काठ घासायचा, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकायची, थांबायचं, मग ओटी टेस्ट करून क्लोरीन बघायचं. टीसीएल उघडी किंवा दमट जागी ठेवली तर तिचा जोर जातो, हे आमच्याकडेही सारखं सांगावं लागतं. त्सुनामीनंतर तिथल्या किनाऱ्यावर एक धडा मिळाला होता. घाईने मोठे पंप लावून विहिरी उपसल्या की खालून खारं पाणी वर ओढलं जातं आणि विहीर जास्तच बिघडते. हळू उपसावी लागते.

दुसरं लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, उंदरांपासून पसरणारा ताप. तिकडे हा आजार मुळातच भातशेतीत जास्त, सिंहलीत त्याला उंदीरतापच म्हणतात. पूर ओसरल्यावर माणसं अनवाणी गाळात उतरतात, पायाला चीर असते, तिथून जंतू शिरतात. ताप आला की लोक अंगदुखी म्हणून काढतात आणि चार दिवसांनी मूत्रपिंडावर जातं. डॉक्सिसायक्लिन वेळेत मिळालं तर माणूस वाचतो. कृष्णाकाठ ताई, तुम्ही गमबूट म्हणालात ना, तो एक गमबूट दहा स्वेटरांवर भारी आहे.

आणि बायकांचे पॅड, आतले कपडे, बाळंतिणीचं सामान. छावणीत ते मागायला कुणी पुढे येत नाही.

खोक्यांत औषधं कुणी टाकली असतील तर ती आधी बाहेर काढा. नाव वाचता न येणारं औषध छावणीत गेलं की धोकाच.

गोदेची_लेक | ७ डिसेंबर, रात्री ९:२०

ताई, आत्ता जाऊन पाहिलं. दोन खोक्यांत अर्धवट खोकल्याच्या बाटल्या आणि गोळ्यांच्या पट्ट्या निघाल्या. बाहेर काढल्या. मनापासून आभार.

चहाबाज | ८ डिसेंबर, सकाळी १०:१५

ज्या भागाची बातमी कमी येते त्याबद्दल थोडं लिहितो. नुवारा एलिया, बदुल्ला या डोंगरी जिल्ह्यांत चहाचे मळे आहेत. तिथले मजूर तमिळ, दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी तमिळनाडूतून नेलेल्यांचे वंशज. अजूनही बरेच जण इंग्रजांच्या काळातल्या लाइनमध्ये राहतात, म्हणजे एका ओळीत एकेक खोली. मी मळे पाहायला गेलो होतो तेव्हा एका खोलीत सहा माणसं पाहिली. त्या लाइनी उतारावर असतात, कारण सपाट जागेवर चहा किंवा साहेबांचा बंगला. या वेळी वाऱ्याने मारलं त्याहून पावसाने मारलं. काही ठिकाणी चोवीस तासांत ३०० मिमीच्या वर पाऊस पडला. आपल्या नाशिक शहरात वर्षभरात साधारण सातशे पडतो, यावरून अंदाज करा. डोंगर पाणी पिऊन जड झाला आणि खाली आला.

माळीण आठवतं? ३० जुलै २०१४. इरशाळवाडी, जुलै २०२३. तेच डोंगरउतार, तीच गरीब वस्ती. तिथे दरडींचे इशारे देणारी सरकारी संस्था आहे, पिवळा, केशरी, लाल अशी पातळी सांगते. पण लाइनमधल्या बाईला रात्री दोन वाजता तो इशारा तिच्या भाषेत कोण सांगणार आणि ती पोरं घेऊन जाणार कुठे? मदत द्यायची तर या लोकांपर्यंत जाईल ना, एवढं विचारून द्या. घर त्यांच्या नावावर नसतं, म्हणून भरपाईच्या यादीत नाव लागताना अडतं.

कृष्णाकाठ | ८ डिसेंबर, सकाळी १०:४०

सांगलीतही भाडेकरूंचं हेच झालं. पंचनामा घरमालकाच्या नावाने.

स्पष्टवक्ता_सिडको | ८ डिसेंबर, दुपारी १२:०८

माझ्या मामांकडेही बटईने शेती करणाऱ्याला काहीच मिळालं नाही. हे इथून तिथून सारखंच आहे म्हणायचं.

खतावणी | ८ डिसेंबर, दुपारी ३:३०

मी सीए आहे, शरणपूर रोडला बसतो. पैशाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

सोसायटीच्या खात्यातून किंवा इथल्या एखाद्या धर्मादाय ट्रस्टमधून परस्पर परदेशी पैसे पाठवू नका. ट्रस्टने परदेशात केलेला खर्च आयकराच्या सवलतीला धरला जात नाही, त्याला केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची परवानगी लागते. ट्रस्टींना पुढे डोकेदुखी होते. पण व्यक्ती म्हणून तुम्ही पाठवू शकता. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत भारतात राहणाऱ्या माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, त्यात भेट आणि देणगी दोन्ही बसतात. पॅन लागतो, बँकेत ए-२ फॉर्म भरायचा, कारण लिहायचं. छोट्या रकमेला बँकेचे चार्जेस जड जातात, म्हणून पाचशे-हजार पाठवण्यापेक्षा घराने मिळून एकदाच पाठवा.

आणि भावनेच्या भरात आलेल्या लिंकवर पैसे टाकू नका. अशा वेळी बनावट खाती निघतात. समोरचं खातं कुणाचं आहे हे स्वतः फोन करून खात्री करा.

तिसरी_घंटा | ८ डिसेंबर, दुपारी ३:४४

पैसा दिला की तिथलाच दुकानदार विकतो, तिथलाच हमाल उचलतो. तेही त्याच पुरातले ना?

पिंपळगावचा_कांदा | ८ डिसेंबर, रात्री ११:२०

मंडळी, दोन दिवसांपासून वाचतोय, आज लिहितो. आमचं पिंपळगाव बसवंतला खळं आहे, कोलंबोला कांदा जातो. श्रीलंका आपल्या नाशिकच्या कांद्याचं जुनं गिऱ्हाईक. तिकडे त्याला लोकु लूनू म्हणतात, मोठा कांदा. त्यांचा स्वतःचा मोठा कांदा दंबुल्ला, मातले भागात होतो. तिकडे या वेळी पाणीच पाणी.

कोलंबोतला आमचा व्यापारी, त्याच्या वडिलांपासूनचा व्यवहार, केलनी नदीच्या अंगाला वेल्लमपिटियाला राहतो. खालचा मजला पूर्ण पाण्यात. पहिले दोन दिवस फोन लागला नाही, माझ्या घरात स्वयंपाक झाला नाही. तिसऱ्या दिवशी आवाज आला तेव्हा विचारलं, "काय पाठवू?" मला वाटलं तांदूळ म्हणेल. तो म्हणाला, "दोन गोष्टी कर. मागचं बिल थोडं थांबव. आणि पुढचा कंटेनर थांबवू नकोस. बाजारात कांदा आला नाही तर भाव चढेल आणि मार गरिबालाच बसेल."

मी बिल मार्चपर्यंत थांबवलं. कंटेनर काल निघाला, नेहमीच्याच भावाने. लोक म्हणतील यात मदत कसली, हा तर धंदा. पण त्या माणसाने फोनवर रडत मला सांगितलं की आज पहिल्यांदा कुणीतरी त्याला भिकारी न समजता गिऱ्हाईक समजलं. यंदा आपल्याकडे कांद्याला भाव नाही, शेतकरी रडकुंडीला आलाय, मलाही पैसे अडकवणं जड आहे. तरी मला हे बरोबर वाटलं.

पंचवटीकर_आजोबा | ९ डिसेंबर, सकाळी ६:४०

तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. मुलगा चांगला वाढवला.

बिल_ऑफ_लेडिंग | ९ डिसेंबर, सकाळी ९:१५

कांदेवाल्या भाऊंनी केलं ते मी या धंद्यात फार क्वचित पाहिलंय. चालू व्यापार सुरू ठेवणं ही बेटावर सगळ्यात वेगवान मदत. त्याला कन्साइनी आहे, परवाना आहे, ठरलेलं गोदाम आहे. दार त्याच्यासाठी आधीच उघडं आहे.

गोदेची_लेक | १४ डिसेंबर, रात्री १०:०२

मंडळी, रविवारी क्लब हाउसमध्ये सगळ्यांना बसवलं आणि हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. सांगलीच्या आजींचं वाक्य वाचताना माझाच आवाज गेला. मुलांनी मग स्वतः खोकी उघडली. घालण्याजोगे कपडे आणि स्वेटर वेगळे काढले. पाड्यावरच्या ताईंशी बोलणं झालंय, सुरगाण्याच्या थंडीत आश्रमशाळेला स्वेटर हवे आहेत, त्यांनी मापं पाठवली आहेत. मापाने बसतील तेवढेच देणार. फाटके कपडे धुऊन पुसायला ठेवले. बिस्किटं इथेच वाटली. पाण्याच्या बाटल्या सोसायटीच्या सुरक्षारक्षकांनी आणि मुलांनी संपवल्या.

सिडकोच्या दादांच्या मामांना फोन केला. विहिरीतला गाळ काढायला यंत्राचं भाडं हवं होतं. सोसायटीतल्या अकरा घरांनी मिळून ते भरलं.

आता श्रीलंका. मी आमच्या ड्रायव्हरदादाला आजोबांच्या त्या गृहस्थांसारखंच विचारलं, "तुम्हाला काय हवंय?" दोन दिवस उत्तर नाही. मग आलं. घराची यादी त्याने सरकारकडे दिली आहे. त्याची व्हॅन गाळात गेली होती, इंजिनात चिखल आहे. व्हॅन चालली तर तो स्वतः सगळं उभं करेल, असं लिहिलंय. सोबत गॅरेजवाल्याने हाताने लिहिलेला अंदाज पाठवला. सहा घरांनी खतावणी दादांनी सांगितलं तसं माझ्या यजमानांच्या खात्यात जमा केलं आणि बँकेतून एकदाच पाठवलं.

खतावणी | १४ डिसेंबर, रात्री १०:२०

सहाही घरांकडून लेखी ठेवा की हे पैसे भेट म्हणून दिलेत. पावती जपून ठेवा.

पाड्यावरची_ताई | १५ डिसेंबर, सकाळी ७:३०

स्वेटर २२ तारखेच्या आत आले तर बरं, नंतर मुलं नाताळच्या सुट्टीत घरी जातात.

सॅपर_निवृत्त | २४ डिसेंबर, संध्याकाळी ६:१०

धागा वर आणतो. काल परराष्ट्रमंत्री जयशंकर तिकडे होते. ४५ कोटी डॉलरचं पॅकेज जाहीर झालं, त्यातले ३५ कोटी सवलतीचं कर्ज आणि १० कोटी अनुदान. आणि किलिनोच्ची भागात आपल्या इंजिनिअर्सनी जोडलेला १२० फुटी बेली ब्रिज सुरू झाला. फोटो बघून बरं वाटलं. पिना नीट ठोकल्यात पोरांनी.

चहाबाज | २४ डिसेंबर, संध्याकाळी ६:३५

मळ्यांच्या लाइनी आता तरी उतारावरून हलवतील का? कर्जातून रस्ते होतील, ते हवेतच. मला त्या खोल्यांची काळजी जात नाही. कुणाला काही कळलं तर इथे लिहा, मीही लिहीन.

स्पष्टवक्ता_सिडको | २५ डिसेंबर, सकाळी ९:४८

मामांच्या विहिरीचा गाळ निघाला. पाणी अजून गढूळ आहे. पाड्यावरच्या ताई, टीसीएल किती टाकायची ते मामांना फोनवर सांगाल का? विहिरीचा व्यास १८ फूट, पाणी १२ फूट आहे.

पाड्यावरची_ताई | २५ डिसेंबर, दुपारी २:१५

हो, नंबर पाठवा. आधी गढूळपणा खाली बसू द्या, गढूळ पाण्यात टीसीएलचा उपयोग होत नाही.

गोदेची_लेक | २८ डिसेंबर, रात्री ८:४०

व्हॅन सुरू झाली! ड्रायव्हरदादाने व्हिडिओ पाठवलाय. पहिल्या फेरीत त्याने पाहुणे नाही घेतले. वरच्या वाडीतल्या चार म्हाताऱ्या बायकांना दवाखान्यात नेऊन आणलं. व्हिडिओत मागे इंजिनाचा आवाज एवढा मोठा आहे की तो काय बोलतोय ते ऐकूच येत नाही. माझा मुलगा तेवढाच तुकडा सारखा लावून बसलाय.